नांगरटीतून अंड्यांची टोपली : जुन्या फ्रेंच गाड्यांच्या देखणेपणाचा आढावा

1990च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या शिरवळ फाट्यावरून लोणंदला, भोरला किंवा नायगावला जायचं तर एसटीची वाट पाहायची, नाहीतर वडाप गाठायचं. वडापची जीप बहुतेक वेळा महिंद्राची कमांडर असे. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर दाटीवाटीनं माणसं, टपावर कांद्याची पोती आणि भाजीच्या पाट्या, ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही चिकटून बसलेला एखादा प्रवासी. हिवाळ्यातल्या सकाळी ड्रायव्हर चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचा आणि मगच स्टार्टर मारायचा. आम्हा पोरांना तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की काही जीपना ‘डीआय’ म्हणतात आणि काहींना ‘डीपी’, आणि डीपीचं इंजिन जरा मऊ चालतं. डीपीमधला ‘पी’ हा प्यूजोचा, म्हणजे एका फ्रेंच कंपनीचा, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या इंजिनाचं नाव एक्सडीपी 4.90. नावातच त्याची मापं आहेत : 4 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. क्षमता 2112 सीसी. प्यूजोच्या परवान्यानं महिंद्रानं ते बनवलं आणि महिंद्राचा इंजिनांचा कारखाना होता इगतपुरीत. याच कुळातलं इंजिन प्यूजोनं आपल्या 504 या गाडीत बसवलं होतं, आणि 504 ही पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांची, माणसांनी आणि सामानानं लादलेली टॅक्सी होती. नायजेरियातल्या मातीच्या रस्त्यावरची गाडी आणि शिरवळ-लोणंद रस्त्यावरचं वडाप ही एकाच घरातली भावंडं होती.

जुन्या फ्रेंच गाड्यांवर जगभर माणसं जीव लावतात. त्यांची प्रदर्शनं भरतात, 50-60 वर्षांपूर्वीच्या गाड्या हौसेनं चालत्या ठेवल्या जातात. हे आकर्षण नेमकं कशाचं, आणि त्यातलं आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं, हे या लेखात एकत्र मांडायचं आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. उत्तम फ्रेंच गाडी काढणाऱ्यानं कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी दोन गोष्टी विचारल्या होत्या : यात बसणार कोण, आणि जाणार कुठल्या रस्त्यानं? गाडीचं रूप त्या उत्तरातून आलं. म्हणूनच ते रूप एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

गॅरेजमधले फ्रेंच शब्द

शिरवळमधल्या कुठल्याही मेकॅनिकचं बोलणं ऐका. गॅरेज, चासी, कार्बोरेटर हे त्याचे रोजचे शब्द मूळचे फ्रेंच आहेत. ‘शोफर’ आणि ‘ऑटोमोबाइल’ हेही तिकडूनच आले. इंजिनावर चालणारी गाडी जर्मनीत जन्मली, पण तिला रांगेला लावलं ते फ्रान्सनं. पान्हार-लव्हासोर या कंपनीनं 1891च्या सुमारास इंजिन पुढं, त्यामागं गिअर आणि ताकद मागच्या चाकांना अशी मांडणी पक्की केली. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या त्याच मांडणीनं बनल्या. मोटारगाड्यांची पहिली जाहीर स्पर्धाही 1894मध्ये पॅरिस ते रूआं अशी झाली.

या पहिल्या काळातलं सर्वांत तेजस्वी नाव बुगाटी. एत्तोरे बुगाटी जन्मानं इटालियन आणि कलावंतांच्या घरातला. त्याचा कारखाना आल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावी होता. घोड्याच्या नालेच्या आकाराची जाळी, फ्रान्सचा शर्यतीचा निळा रंग आणि 1924मध्ये आलेल्या टाइप 35ची ओतीव मिश्रधातूची चाकं, ही त्या गाड्यांची ओळख. यातला एकही भाग निव्वळ शोभेचा नव्हता. चाकाच्या आऱ्या पात्यांसारख्या रुंद होत्या आणि ब्रेकचा ड्रम चाकातच बसवलेला होता, त्यामुळे तो थंड राहायला मदत होई.

मुंबईच्या इतिहासात अशीच एक बुगाटी आहे. जे. आर. डी. टाटा 1904मध्ये पॅरिसमध्ये जन्मले. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होती. बालपणीच्या सुट्ट्या अर्देलोच्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्या, आणि इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणारा लुई ब्लेरिओ तिथला त्यांचा शेजारी होता. तरुण जेआरडी मुंबईत बुगाटी चालवत, तीही भरधाव. त्यातून पोलिसांचं एक प्रकरण उभं राहिलं, म्हणून ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले. तिथं त्यांची विकाजींची पुतणी थेल्मा यांच्याशी ओळख झाली आणि 1930मध्ये दोघांचं लग्न झालं. भारताच्या विमान वाहतुकीचा पाया घालणाऱ्या माणसाला वेगाची आणि नेटक्या यंत्राची गोडी कुठून लागली असेल, याचा विचार करताना ती बुगाटी डोळ्यांसमोर येते.

1934 : गाडी जमिनीला टेकली

सामान्य माणसाच्या फ्रेंच गाडीची खरी गोष्ट आंद्रे सित्रोएनपासून सुरू होते. दातेरी चाकांचा हा कारखानदार. कोनासारखे दाते असलेली चाकं त्यानं तरुणपणी पोलंडमध्ये पाहिली होती. सित्रोएनच्या गाडीवर एकावर एक दिसणाऱ्या दोन कोनांच्या खुणा म्हणजे तेच दाते. जाहिरातीसाठी त्यानं 1925पासून आयफेल टॉवरवर आपलं नाव दिव्यांनी झळकावलं. 1931-32मध्ये त्याच्या पट्ट्यांच्या गाड्यांची मोहीम बैरुतहून बीजिंगकडे निघाली, तेव्हा ती श्रीनगर आणि गिलगिटच्या वाटेनं हिमालयात शिरली होती.

1934मध्ये त्यानं ‘ट्रॅक्शन आव्हां’ आणली. नावाचा अर्थच पुढून ओढणारी. तोवर बहुतेक गाड्या म्हणजे शिडीसारख्या चासीवर ठेवलेला डबा असत. ट्रॅक्शनमध्ये वेगळी चासी नव्हतीच, पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा होता. ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे मधून मागं जाणारा दांडा नाही, म्हणून तळ खाली आला आणि गाडी रस्त्याला बिलगून बसली. बसणाऱ्याला पायरी चढावी लागेना आणि वळणावर गाडी कलेना. तिचं रूप फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकारानं घडवलं. कागदावरच्या रेघांपेक्षा हाताखालच्या मातीवर त्याचा भरवसा होता. तिच्या मडगार्डची वळणं पाहिली की हे कुणीतरी अंगठ्यानं दाबून बसवलं आहे असं वाटतं.

या गाडीनं आंद्रे सित्रोएनला मात्र बुडवलं. नव्या कारखान्याचा आणि नव्या तंत्राचा खर्च झेपला नाही. 1934च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली, टायर बनवणाऱ्या मिशलँनं ती ताब्यात घेतली आणि 1935च्या जुलैमध्ये सित्रोएन वारला. गाडी 1957पर्यंत बनत राहिली, साडेसात लाखांच्या पुढं गेली.

दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे

मिशलँनं सित्रोएनची सूत्रं ज्यांच्याकडे दिली त्यांतला एक होता प्येर-ज्यूल बुलांजे. 1930च्या दशकाच्या मध्यात त्यानं आपल्या अभियंत्यांपुढं जी मागणी ठेवली, ती डिझाइनच्या इतिहासातली सर्वांत सुंदर मागणी आहे असं मला वाटतं. लाकडी पायताणं घातलेले दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे घेऊन ताशी 60 किलोमीटरनं जाईल अशी गाडी हवी. 100 किलोमीटरला 3 लिटरपेक्षा जास्त पेट्रोल लागू नये. आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली तर एकही अंडं फुटू नये. चार चाकांवरची छत्री, एवढंच त्याला हवं होतं.

शिरवळच्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला टोमॅटोचे क्रेट शिवारातून डांबरी रस्त्यापर्यंत आणताना हीच काळजी असते. पण 1930च्या दशकात गाडी ही डॉक्टर-वकिलांची आणि कारखानदारांची वस्तू होती. शेतकऱ्याचा माल आणि त्याच्या बांधाचा रस्ता ही कुणी गाडीची मापं म्हणून मांडली नव्हती.

उत्तर शोधायला 10 वर्षांहून अधिक काळ गेला. 1939पर्यंत सुमारे 250 नमुने तयार झाले. कायद्याला पुरेसा म्हणून त्यांना पुढचा दिवा एकच होता. मग महायुद्ध आलं. जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून बहुतेक नमुने नष्ट केले गेले, काही लपवले गेले. त्यांतले 3 नमुने थेट 1990च्या दशकात एका जुन्या कोठाराच्या माळ्यावर सापडले. गाडी लोकांसमोर आली 7 ऑक्टोबर 1948ला, पॅरिसच्या प्रदर्शनात. नाव ‘दोन घोडे’, म्हणजे 2सीव्ही.

इंजिन 375 सीसीचं, हवेनं थंड होणारं, ताकद 9 अश्वशक्ती. पाणी नाही, त्यामुळे रेडिएटर नाही, गोठण्याची भीती नाही. छत कापडी, गुंडाळून मागं नेता येई, मग उभं कपाट किंवा कडब्याची पेंडी आत मावे. सीटा उचलून बाहेर काढल्या की गाडीचा टेम्पो व्हायचा, आणि रविवारी त्याच सीटा झाडाखाली बसायला. सुरुवातीच्या बॉनेटवर पन्हाळी पत्र्यासारख्या नाळी होत्या. पातळ पत्रा घडी घातली की ताठ होतो, हे आपल्या गोठ्याच्या छपरावरून आपण जाणतोच. वायपर वेगमापकाच्या तारेवर चालत, म्हणून त्यांना वेगळी मोटर लागत नसे.

अंडी न फुटण्याचं गुपित सस्पेन्शनमध्ये होतं. प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक, दोन्ही आपापल्या सळईनं गाडीच्या पोटाखाली आडव्या बसवलेल्या एकाच नळीतल्या स्प्रिंगांना जोडलेली. पुढचं चाक ढेकळावर चढलं की ती हालचाल नळीतून मागं पोचते आणि गाडीचा मागचा भागही थोडा उचलला जातो. त्यामुळे नाक वर आणि शेपूट खाली असा हेलकावा बसत नाही, गाडी सपाटच राहते. एकामागून एक गतिरोधक ओलांडताना पोटातलं पाणी हलणाऱ्या कुणालाही या युक्तीचं मोल कळेल. वळणावर ही गाडी इतकी कलते की पाहणाऱ्याला ती उलटेल असं वाटतं, पण चाकं जमीन सोडत नाहीत.

पहिल्या वर्षांत मागणी इतकी की नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. वाटप करताना कामासाठी गावोगाव फिरणं ज्यांना भाग आहे त्यांना आधी गाडी मिळे : खेड्यातले डॉक्टर, पशुवैद्य, सुईणी, छोटे शेतकरी. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयावरून जाताना मला हे नेहमी आठवतं. गाभण गाईजवळ रात्री वेळेवर पोचण्यासाठी आधी गाडी पशुवैद्याला द्यायची, असा विचार एका मोटार कंपनीनं केला होता. 2सीव्ही 1990पर्यंत बनली. नुसत्या मोटारींची संख्या 38 लाखांच्या पुढं गेली.

दे-एस : गाडीच्या रूपातली देवी

आता दुसरं टोक. 1955च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएननं डीएस ठेवली. पहिल्या 15 मिनिटांत 743 मागण्या नोंदल्या गेल्या, दिवस संपेपर्यंत सुमारे 12,000. ही दोन अक्षरं फ्रेंचमध्ये ‘दे-एस’ अशी उच्चारतात आणि तसाच उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ होतो देवी. रोलां बार्त या विचारवंतानं तिच्यावर लिहिताना मोटारगाड्यांची तुलना मध्ययुगातल्या भव्य गॉथिक चर्चशी केली होती.

रूप पुन्हा बेर्तोनीचं, रचना ट्रॅक्शनवरही काम केलेल्या आंद्रे लफेव्र या अभियंत्याची. लफेव्र पूर्वी विमानांच्या कारखान्यात होता. पुढं जाळी नाही, हवा खालून आत येते. नाक माशासारखं निमुळतं. गाडी पुढं रुंद आणि मागं अरुंद, पाण्याच्या थेंबासारखी. छत हलक्या फायबरग्लासचं, म्हणजे वजन वर नको. मागचे इंडिकेटर थेट छताच्या कोपऱ्यात, मागच्याच्या डोळ्यांच्या रेषेत. स्टिअरिंगला आरी एकच. हे सारं 1955मध्ये, जेव्हा आपल्याकडे अँबॅसडर यायला अजून दोन-तीन वर्षं होती.

पण डीएसची जादू तिच्या पोटात होती. पॉल माजेस नावाच्या, कुठलीही मोठी अभियांत्रिकी पदवी नसलेल्या माणसानं स्प्रिंगांच्या जागी तेल आणि नायट्रोजन वायू बसवला. प्रत्येक चाकावर धातूचा एक गोळा. त्यात पडद्याच्या एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं तेल. खड्डा आला की तेल वायूला दाबतं आणि वायू उशीसारखा तो धक्का गिळतो. मागं चार माणसं बसली की पंप तेल वाढवतो आणि गाडी आपली उंची आपण सावरते. इंजिन सुरू केलं की बसलेली डीएस आधी मागून उठते, मग पुढून, अगदी गाय उठते तशी. चाक बदलायचं तर गाडी सर्वांत उंच करायची, खाली टेकू लावायचा आणि गाडी खाली घ्यायची. चाक आपोआप अधांतरी होतं.

1967मध्ये रोबेर ओप्रों या डिझायनरनं तिचा चेहरा बदलला आणि काचेमागं चार दिवे बसवले. त्यांतले आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळतात. रात्री खंबाटकी घाट चढलेल्या कुणालाही विचारा, वळणावर दिवे सरळ दरीकडे बघतात आणि रस्ता मात्र अंधारात वळून गेलेला असतो. ती अडचण या गाडीनं जवळजवळ 60 वर्षांपूर्वी सोडवली होती. त्याही आधी, 22 ऑगस्ट 1962ला पती-क्लामार इथं राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरी चालकानं गाडी वेगात सावरून बाहेर काढली. पुढच्या चाकांची ओढ आणि स्वतःला तोलून धरणारं सस्पेन्शन यांना त्याचं श्रेय दिलं जातं.

1975पर्यंत 14 लाख 55 हजारांहून अधिक डीएस बनल्या. 1999च्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ गाडीच्या निवडीत फोर्ड टी आणि मिनी यांच्यामागून तिचा तिसरा क्रमांक लागला.

शेतकऱ्याची छत्री आणि ही देवी एकाच कंपनीच्या, बेर्तोनी आणि लफेव्र या त्याच दोन माणसांच्या हातच्या. एक स्वस्त, दुसरी महाग. पण दोघींचा उगम एकच : आत बसलेल्याला रस्त्याचा त्रास होऊ नये.

रेनो आणि प्यूजो : घरातल्या गाड्या

रेनोची वाट थोडी वेगळी. 1961च्या रेनो 4मध्ये तळ सपाट आणि मागं पूर्ण उघडणारा दरवाजा, त्यामुळे ती मोटार, टेम्पो आणि सहलीची गाडी एकाच वेळी होती. तिची एक गंमत अशी, की उजवी आणि डावी बाजू सारखी नाही. मागच्या चाकांचे पीळदार दांडे एकापुढं एक ठेवावे लागल्यानं एका बाजूला दोन चाकांतलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा काही सेंटिमीटर जास्त आहे. आतल्या जागेसाठी तिच्या अभियंत्यांनी हा फरक मान्य केला. गाडी 80 लाखांच्या पुढं विकली गेली. 1972च्या रेनो 5चं चित्र मिशेल बुए या तरुणानं फावल्या वेळात काढलं होतं. गाडीचं यश पाहायला तो जगला नाही. तिचे प्लॅस्टिकचे बंपर अंगाशी एकजीव होते, आणि आज आपल्या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी तशीच असते.

प्यूजो गाड्यांच्याही आधी करवती आणि कॉफी दळण्याच्या चक्क्या बनवत असे. तिचा सिंह मुळात करवतीवरचा शिक्का. गाड्यांच्या नावात मधे शून्य ठेवायचं हा तिचा रिवाज इतका जुना, की 1964मध्ये तिच्या हरकतीमुळे पोर्शला आपल्या 901चं नाव 911 करावं लागलं. 1955च्या 403पासून प्यूजोनं आपली रूपं इटलीतल्या पिनिनफारिना या घराण्याकडून करून घेतली. म्हणून 404 आणि 504 यांच्या रेषा शांत, नीटस आणि न थकणाऱ्या आहेत. 1968ची 504 दिसायला भपकेबाज नव्हती, पण तिचा पल्ला फार मोठा होता. 30 लाखांहून अधिक बनल्या, आणि युरोपात ती बंद झाल्यावरही नायजेरियात अनेक वर्षं बनत राहिली. खराब रस्त्यावर टिकणं हाही सौंदर्याचा एक भाग आहे, हे तिनं सिद्ध केलं.

कर आणि रूप

या गाड्या लहान इंजिनांच्या का, याचं उत्तर अर्धं फ्रान्सच्या करांत आहे. तिकडे कराचे ‘घोडे’ वेगळे मोजले जात. 2सीव्ही म्हणजे कराच्या दृष्टीनं दोन घोड्यांची गाडी. महायुद्धानंतर मोठ्या इंजिनांवर कराचा बोजा इतका वाढला, की देलाये, देलाज, टॅल्बो अशी राजेशाही गाड्या बनवणारी घराणी 1950च्या दशकात एकेक करून संपली. हातानं पत्रा ठोकून वाहत्या कमानी घडवणाऱ्या कारागिरांचं कामही त्यांच्याबरोबर गेलं. उरलेल्या डिझायनरांनी लहान इंजिनातूनच जास्तीत जास्त आराम काढायचा ध्यास घेतला.

आपल्याकडे 2006च्या अर्थसंकल्पानं 4 मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्यानंतर मागची डिकी कापून 4 मीटरच्या आत बसवलेल्या सेदान आल्या. महिंद्रानं रेनोबरोबर नाशिकला बनवलेली लोगान पुढं वेरिटो झाली आणि 2013मध्ये तिचीच शेपूट आखूड करून वेरिटो व्हाइब आली. म्हणजे दोन्ही देशांत सरकारच्या कागदानं गाडीच्या अंगावर रेघ ओढली. फरक असा, की फ्रेंच डिझायनरनं ती अडचण गाडीच्या जन्माआधी स्वीकारली आणि तिच्याभोवती नवी गाडी रचली. आपल्याकडे आधीच बनलेल्या गाडीला कात्री लावली गेली. डोळ्याला हा फरक लगेच कळतो.

महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं

जुनी फ्रेंच गाडी तिच्या पूर्ण रूपात आपल्या रस्त्यांवर फारशी आली नाही. इंग्रजी अमलात मुंबईत ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांचा जोर होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. पुढची कित्येक वर्षं आपल्यासाठी गाडी म्हणजे फियाट, अँबॅसडर आणि जीप.

थेट प्रयत्न झाला तो 1990च्या दशकात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आपल्याला पद्मिनीमुळे ठाऊक. या वालचंदांचं नाव आपल्या भागात आणखी दोन ठिकाणी भेटतं : नीरेच्या खोऱ्यातल्या वालचंदनगरला आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयावर. प्रीमियरनं प्यूजोशी भागीदारी करून कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातून प्यूजो 309 काढायला सुरुवात केली. चालवायला ती उत्तम होती, डिझेलला कमी पीत होती आणि खड्ड्यांतही शांत राहत होती. पण कामगारांचा संघर्ष आणि व्यवस्थापनातल्या अडचणी यांत तो प्रयत्न काही वर्षांतच संपला. नोंदणीचे पैसे भरून बसलेल्या लोकांचे दावे ग्राहक न्यायालयांत दीर्घकाळ चालले. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं. रस्त्याची जाण असलेली एक चांगली गाडी आपल्या दारात आली होती आणि आपण तिला नीट रुजू दिलं नाही.

गाडी गेली, पण यंत्रं राहिली. 309मधल्या डिझेल इंजिनाचा भाऊबंद पुढं मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत आला. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोची इंजिनं होतीच. टाटांच्या पुण्यातल्या इंडिकाच्या इंजिनावर ल मोतेर मोदेर्न या फ्रेंच संस्थेची मदत घेतली गेली होती. 2007मध्ये नाशिकहून लोगान निघाली. आणि 2015च्या अखेरीस चक्र उलटं फिरलं : ज्या पिनिनफारिनानं प्यूजो 404ची रेघ ओढली, ती कंपनीच महिंद्रानं विकत घेतली.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दिसतं असं, की फ्रेंच गाडीचं काळीज आपल्याकडे आलं. इगतपुरीच्या इंजिनानं निम्म्या महाराष्ट्राच्या खेड्यांत माणसं बाजाराला नेली. पण ज्या प्रश्नातून ती गाडी जन्मते, तो प्रश्न आपण आयात केला नाही. कमांडरचं इंजिन 504च्या कुळातलं होतं, तिची बाकं मात्र माणसांना धक्के सोसायला लावणारी होती. सस्पेन्शन लष्करी जीपच्या वळणाचंच राहिलं. वडापमध्ये बसलेली म्हातारी ही कुणाच्या आराखड्यात कधीच नव्हती.

उणी बाजू

आढावा म्हटल्यावर दोषही सांगायला हवेत. डीएसचं शरीर अद्भुत होतं, पण पैसे संपल्यानं तिला ट्रॅक्शनच्याच जुन्या इंजिनाचा वारस बसवावा लागला. सुरुवातीच्या डीएसमध्ये तेल गळण्याच्या तक्रारी पुष्कळ होत्या, आणि दाबाच्या नळ्यांचं ते जाळं समजणारा मेकॅनिक प्रत्येक फाट्यावर मिळत नाही. गंज हा त्या काळच्या फ्रेंच पत्र्याचा मोठा शत्रू. धंद्याच्या दृष्टीनं सित्रोएन दोनदा कोसळली, 1934मध्ये आणि पुन्हा 1974मध्ये, तेव्हा तिला प्यूजोनं हात दिला. आपल्या कल्पनेवर इतका विश्वास, की हिशेब मागं पडायचा.

शिरवळसारख्या गावात गाडीची किंमत ती रस्त्यात बंद पडली तर कुठं दुरुस्त होईल यावर ठरते. या कसोटीवर 2सीव्ही आणि 504 पूर्ण उतरतात. 2सीव्हीची मडगार्ड आणि दारं पान्यानं खोलता येतात. 504 कुठल्याही गावठी गॅरेजात उभी राहते. डीएस उतरत नाही. म्हणून मला वाटतं, फ्रेंच डिझाइनचं खरं शिखर शोधायचं तर देवीपेक्षा छत्रीकडे पाहावं.

आज हे का आठवावं

शिरवळ आता पूर्वीचं राहिलेलं नाही. महामार्ग रुंद झाला, आजूबाजूला कारखाने उभे राहिले, खंबाटकीत नवे बोगदे होऊ लागले. पण महामार्ग सोडून दोन किलोमीटर आत गेलं की तोच शिवाररस्ता, पावसाळ्यात तोच चिखल, आणि पिकअपच्या मागं उभ्यानं जाणाऱ्या त्याच शेतमजूर बायका. माल नेणाऱ्या गाडीत माणसं नाइलाजानं बसतात, आणि माणसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या शहरातल्या चौकासाठी घडवलेल्या असतात.

इथून जवळ चाकणला आणि पलीकडे नाशिकला गाड्या घडतात. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून, कराड-साताऱ्याच्या संस्थांतून दरवर्षी तरुण अभियंते बाहेर पडतात. विजेच्या गाडीमुळे इंजिनाची जागा मोकळी झाली आहे, तळ पुन्हा सपाट झाला आहे, मांडणी नव्यानं करायची संधी आली आहे. अशी संधी सित्रोएनला 1934मध्ये होती, आपल्याला आज आहे. या मुलांपैकी कुणीतरी बुलांजेसारखी एक मागणी कागदावर लिहावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यात आपली मापं असावीत : दोन बायका, त्यांची खुरपी आणि डबे, टोमॅटोचे दहा क्रेट, एक दप्तर घेतलेली मुलगी. खंबाटकीचा चढ आणि ऑगस्टमधला नायगावचा शिवाररस्ता. बाजारात पोचेपर्यंत एकही टोमॅटो फुटू नये.

त्या गाडीचं रूप कसं असेल ते आत्ता सांगता येणार नाही. 1936मध्ये 2सीव्हीचंही कुणाला सांगता आलं नसतं.